नववा वाटा

गणपत खरं बोलला आणि आठ माणसांच्या पोटावर पाय आला. बावीस वर्षं मी हा धंदा केला. खोटं बोलून अडकलेले लोक पोत्याने पाहिले, खरं बोलून अडकलेला हा एकटाच. आणि त्यांची फाइल नेमकी माझ्या हातची, मी स्वतः निगुतीने लावलेली. म्हणून ही हकिगत सांगायचा हक्क माझा, आणि त्यातली थोडी लाजही माझीच.

आधी मी काय करायचे ते सांगते. माझी मुलगी दुबई मरीनात काचेच्या ऑफिसात बसते. तिला कुणी विचारलं तर म्हणते, "ममा डज समथिंग विथ टॅक्स." समथिंग म्हणे! तिच्या शाळेची फी त्या समथिंगमधूनच गेली, पण बोलणार कोण. तर, अजमानमध्ये एका टायपिंग सेंटरच्या वरच्या मजल्यावर माझं दोन टेबलांचं ऑफिस होतं. टायपिंग सेंटर म्हणजे सरकारी अर्ज भरून देणारं दुकान. इथे माणसाचा जन्म-मृत्यूसुद्धा त्या दुकानातून जातो. गेल्या वर्षी मी ऑफिस आवरलं. माझं गिऱ्हाईक म्हणजे बांधकामातली माणसं. गवंडी, फरशीवाले, प्लंबर, रंगारी. मोठ्या कंपनीतली नोकरी सुटली, किंवा साहेबाशी भांडून सोडली, आणि 'आता आपलं आपण करू' म्हणून लायसन काढलेली.

गावाकडे थापी आणि ओळंबा हातात घेतला की गवंडी मोकळा. इथे तसं नाही. इथे आधी लायसन, आणि लायसन आलं की मागोमाग दोन भुतं येतात. पहिलं व्हॅटचं. वर्षाचं काम पावणेचार लाख दिरहमच्या वर गेलं, म्हणजे आपले साधारण शहाऐंशी लाख रुपये, की नाव नोंदवायचं, गिऱ्हाइकाकडून शेकडा पाच जास्त घ्यायचे आणि ते सरकारात भरायचे. दुसरं भूत पगाराचं. हाताखाली माणूस ठेवला तर त्याचा पगार रोख द्यायचा नाही, बँकेतून त्याच्या कार्डावरच टाकायचा. तो पडला की नाही हे कामगार मंत्रालयाचा कॉम्प्युटर दर महिन्याला बघतो. कायदा चांगला आहे, मी दहा वेळा सांगेन. त्याच्याआधी मालकांनी माणसं सहा-सहा महिने बिनपगारी राबवलेली मी या डोळ्यांनी बघितली आहेत. पण कायद्याला माणसांच्या दोनच जाती कळतात, एक मालक आणि एक नोकर.

गिऱ्हाइकं एकेक नग. एक रंगारी होता. टुरिस्टांना विमानतळावर व्हॅट परत मिळतो हे त्याने कुठेतरी ऐकलं. सुट्टीवर जाताना हा गडी वर्षभराची रंगाच्या डब्यांची बिलं पिशवीत भरून काउंटरवर उभा. तिथल्या माणसाने विचारलं, माल कुठे आहे? हा म्हणाला, भिंतीवर. मग मला फोन. "मॅडम, ये लोग बोलते हैं माल दिखाओ. अब दीवार कैसे लाऊँ?" असल्या लोकांत माझी हयात गेली, आणि शपथेवर सांगते, एक दिवस कंटाळा आला नाही.

इब्राहिमभाई माझ्याकडे आले ते व्हॅटसाठीच. मंडणगडकडचे, पन्नाशी उलटलेली, फरशी बसवणारे. फरशीवाला चालताना ओळखू येतो. जन्म गुडघ्यांवर गेलेला असतो, त्यामुळे उभा राहिला तरी अर्धा वाकलेलाच. ते खुर्चीच्या अगदी कडेला बसले, पुढे फाइल धरली आणि म्हणाले, "मॅडम, व्हिलाचा मोठा काम मिळतोय. पण तो म्हणतो व्हॅटचा नंबर पायजे. आमाला तर व्हॅट लागत नाय."

"वर्षात किती काम केलंत?"

"चार लाख पाच हजार."

"अहो इब्राहिमभाई! मग लिमिट केव्हाच गेलं की!"

"नाय मॅडम, नवानी भागा ना. पंचेचाळीस हजार येतात एकाला. पंचेचाळीस हजारावर कुठं व्हॅट असतो?"

मी कपाळाला हात लावला. त्यांना सांगितलं की भागायचं नसतं. लायसन एक, त्यावर नाव तुमचं एकट्याचं, म्हणजे सगळं काम कायद्याने तुमचं एकट्याचं. "आणि नवाने कशाला भागता? तुम्ही आठ जण ना?"

"हो, आठच."

"मग?"

"भागायचा नवानीच," ते शांतपणे म्हणाले. मला वाटलं, गणित कच्चं आहे. पुढे विचारलं नाही. माझी पहिली चूक ती.

त्यांची कथा एवढीच होती. हे आठ जण रुवैसला एका मोठ्या कंपनीत फरशा बसवायचे. कंपनी बंद पडली. नोकरी सुटताना जी काही रक्कम हातात पडली ती आठांनी एकत्र केली आणि अजमानला लायसन काढलं. टायपिंगवाल्याने सांगितलं, एकच नाव टाका, खर्च कमी येतो. इंग्रजीत सही फक्त इब्राहिमभाईंना येत होती, म्हणून ते मालक. बाकीचे सात कागदावर त्यांचे कामगार.

नोंदणी उशिरा केल्याचा दंड दहा हजार दिरहम लागला. दोन लाख तीस हजार रुपये! मी माफीचा अर्ज केला, तो फेटाळला गेला. तेव्हा मी माझ्या नेहमीच्या आवाजात, म्हणजे खालच्या मजल्यावर ऐकू जाईल अशा आवाजात, त्यांना बजावलं, "हे बघा, दंड मालकाचा असतो. कामगारांच्या पगारातून एक फिल्ससुद्धा कापायचा नाही. कापलात तर फाइल उचला आणि चालते व्हा." त्यांनी मान हलवली. दोन आठवड्यांत सगळा दंड भरून पावती माझ्या टेबलावर. पैसे कुठून आणले विचारलं तर म्हणाले, "झाला बंदोबस्त."

थोड्याच दिवसांनी त्यांच्यातला गणपत कोकमाच्या आगळाची बाटली घेऊन ऑफिसात आला. गणपत म्हणजे पंचेचाळिशीचा, दात थोडे पुढे, कमालीचा सरळ माणूस. बाटली ठेवून हात जोडून म्हणाला, "मॅडम, तुमच्यामुळं वाचलो आमी." मला वाटलं, नोंदणी करून दिली म्हणून आभार मानतोय. आम्हा वसईकरांना आगळ मिळाल्यावर कोण कशाला खोदून विचारतंय! त्या संध्याकाळी बांगड्याचं कालवण झालं.

मग मी पगाराची घडी बसवून दिली. सात माणसं, प्रत्येकी अठराशे दिरहम, एक तारखेला कार्डावर. इब्राहिमभाई मालक, म्हणून त्यांना पगार नाही. खर्च जाऊन उरेल ते त्यांचं. सगळ्यांनी "हो मॅडम, हो मॅडम" केलं. वर्षभर घड्याळासारखं चाललं. दुसरी गिऱ्हाइकं तक्रार करायला लागली की मी हीच फाइल त्यांच्यापुढे आपटायचे, बघा, असं काम असतं!

आणि कामालाही ती माणसं तशीच होती. एकदा मी त्यांची साइट बघायला गेले. बसवलेल्या प्रत्येक फरशीवर इब्राहिमभाई एक दिरहमचं नाणं टकटक वाजवत, कान लावून पुढे सरकत होते. खाली पोकळी राहिली असेल तर आवाज बदलतो. एका बाथरूममध्ये चार फरशा पोकळ बोलल्या. गिऱ्हाईक बघून, खूश होऊन गेलेलं होतं. ह्यांनी चारच्या जागी अख्खी ओळ उखडली आणि नवीन बसवली, स्वतःच्या खर्चाने. मी म्हटलं, कुणाला कळणार होतं? तर गणपत म्हणाला, "आमाला कळला ना मॅडम." त्या दिवसापासून मी त्यांच्याकडून फी घेताना जरा ओशाळायचे. घ्यायचे, ते सोडा.

ते बालंट आलं उन्हाळ्यात. उन्हाळ्याचे तीन महिने दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर काम करायला बंदी असते, आणि ती पाळली जाते का बघायला मंत्रालयाचे निरीक्षक फिरतात. व्हिलाच्या साइटवर एक निरीक्षक बाई आल्या. इमिराती, चाळिशीच्या आतल्या, हिंदी छान बोलणाऱ्या. आमचे आठ जण सावलीत आडवे, पाण्याचे थंड कॅन बाजूला, सगळं नियमाप्रमाणे. बाई खूश झाल्या. जाता जाता त्यांनी गणपतला सहज विचारलं, "पगार टाइम पे मिलता है?"

गणपत उठून उभा राहिला. "मिलता है मॅडम. एक तारीख को कार्ड में आता है. फिर हम सब निकालके इब्राहिमभाई के हाथ में देता है."

झालं! खलास! धंद्यात असलेला कुणीही सांगेल, कामगाराच्या कार्डावर पगार टाकायचा आणि मागच्या दाराने रोख परत घ्यायचा, ही इथली सगळ्यात जुनी आणि सगळ्यात नीच चोरी. बाईंनी गणपतला पुन्हा विचारलं, त्याने पुन्हा तेच सांगितलं, वर दोघातिघांना साक्षीला बोलावलं. त्यांनीही अभिमानाने माना हलवल्या. दुसऱ्या दिवशी मंत्रालयाने कंपनीची फाइल बंद केली. नवा व्हिसा नाही, जुन्याचं नूतनीकरण नाही, आणि गणपतचा व्हिसा तर महिन्याभरात संपत होता. आठ दिवसांनी चौकशी. आरोप सिद्ध झाला तर मोठा दंड, लायसन जाणार, आणि इब्राहिमभाईंवर खटला.

आता माझं काय झालं ते लिहिते, कारण ते लिहिलं नाही तर बाकीचं लिहायचा मला अधिकार नाही. मी इब्राहिमभाईंना बोलावून घेतलं आणि नाही नाही ते बोलले. तुम्ही चोर निघालात म्हणाले. तुमच्यासारखे फार बघितलेत, तोंडाने गोड आणि हाताने कातरी, म्हणाले. ते खुर्चीच्या कडेला बसून ऐकत होते. शेवटी एवढंच बोलले, "मॅडम, ते पैसे माझे नायत. सगळ्यांचे हायत." मी म्हटलं, सगळे चोर हेच म्हणतात. ते उठले, सलाम केला आणि जिना उतरून गेले. त्यांचे ते वाकलेले पाय मला खिडकीतून दिसत होते, तरी मी हाक मारली नाही.

दोन दिवस झोप आली नाही. चोर माणूस भांडतो, वकील आणतो, रडतो. हा माणूस सलाम करून गेला होता. रविवारी चर्चमध्ये मिस्सा संपल्यावर मी घरी न जाता गाडी तशीच इंडस्ट्रियल एरियात, त्यांच्या खोलीकडे वळवली.

दार उघडंच होतं. आठ जण चटईभोवती बसले होते आणि चटईवर नोटांचे छोटे छोटे ढीग. मला बघून सगळे उठले, गणपत खुर्ची शोधायला धावला. मी म्हटलं, बसा, चालू द्या. मोजले. ढीग नऊ होते.

"नववा कुणाचा?" मी विचारलं.

"विश्रामचा," गणपत म्हणाला, जणू विश्रामला सगळं जग ओळखतं.

विश्राम त्यांच्यातलाच नववा फरशीवाला. रुवैसला असताना परांचीवरून पडला, पाठीचा कणा गेला. कंपनीने जे दिलं ते दवाखान्यात संपलं, आणि मग कंपनीच संपली. मंडणगड तालुक्यातल्या त्याच्या घरी तो अंथरुणावर. बायको, दोन मुली. हे आठ जण लायसन काढायला निघाले तेव्हाच ठरलं होतं की वाटे नऊ पडायचे. त्यासाठी कुणी भाषण केलं नव्हतं, कागद केला नव्हता. सात जणांचे पगार, मालकाचं उरलेलं, सगळं एका चटईवर यायचं आणि नवाने भागलं जायचं.

मी त्यांच्या चटईच्या कडेला बसले. अहो, माझे बाबा मासेमारी करायचे. बोट किनाऱ्याला लागली की वाळूवर वाटे लागायचे. एक बोटीचा, एक जाळ्याचा, मग माणशी एकेक. कुणी खलाशी तापाने घरी पडलेला असला तरी त्याचा वाटा निघायचाच, आणि तो टोपलीत घालून त्याच्या घरी पोचवायचं काम लहानपणी माझं होतं. मी, जिने आजारी माणसांचे वाटे डोक्यावरून वाहिले, तिला नवाने भागणारा माणूस गणितात कच्चा वाटला! मालक-नोकर, मालक-नोकर करता करता माझंही डोकं त्या कॉम्प्युटरसारखंच झालं होतं.

"इब्राहिमभाई," मी म्हटलं, "मी जे बोलले ते..."

"जाऊ द्या मॅडम. तुमी आमच्यासाठीच तापलात." विषय त्यांनी तिथेच मिटवला आणि चहा टाकायला सांगितला.

पण चौकशीत चटई दाखवून भागणार नव्हतं, कागद हवा होता. कागद एकच होता. दर महिन्याला गावी पैसे पाठवल्याच्या एक्स्चेंजच्या पावत्या. सगळे जण जेवणखर्चापुरतं ठेवून पंधराशे दिरहम पाठवायचे, चौतीस हजार पाचशे रुपये, आणि विश्रामच्या घरचे पंधराशे गणपत पाठवायचा. प्रत्येकाच्या पावत्या एकसारख्या निघाल्या तर मालक काही जास्त खात नाही, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. मी सगळ्यांच्या पावत्या गोळा केल्या. इब्राहिमभाईंच्या तेवढ्या मिळेनात. सोमवारी म्हणाले, सापडत नाहीत. मंगळवारी म्हणाले, बघतो. बुधवारी मी ओरडले तेव्हा, "इन्शाल्ला, उद्या तिथंच आणतो" म्हणाले. चौकशी उद्याच होती.

मंत्रालयाच्या खोलीत आम्ही नऊ जण आणि त्या निरीक्षक बाई. मी सगळं सांगितलं. बाईंनी ऐकून घेतलं आणि हिंदीत म्हणाल्या, "माझे आजोबा मोती काढायला समुद्रात जायचे. त्या होड्यांतही वाटे असायचे. पण सगळ्यात मोठा वाटा नाखुदाचा, म्हणजे होडीच्या कप्तानाचा. पाणबुडे जन्मभर त्याच्या कर्जात. तुमचा हा नाखुदा किती घेतो?"

"सगळ्यांएवढंच," मी म्हटलं आणि पावत्या पुढे केल्या. बाईंनी महिन्याप्रमाणे ओळी लावल्या. पंधराशे, पंधराशे, पंधराशे. विश्रामच्याही पंधराशे. मग इब्राहिमभाईंनी खिशातून आपल्या पावत्या काढल्या, टेबलावर ठेवल्या आणि मान खाली घातली.

हजार. हजार. हजार. चौदा महिन्यांच्या चौदा पावत्या, प्रत्येक हजाराची.

"हे पाचशे कुठे जातात?" बाईंचा आवाज बदलला. "मालकाचं दुसरीकडे काही चाललंय का?"

खरं सांगते, त्या क्षणी मलाही पुन्हा शंका आली.

गणपतने मान पुढे करून पावती वाचली. मग दुसरी. मग तो ताडकन उठला. "हजार? अरे, तू घरी हजारच पाठवतोस? चौदा महिने? वाट्यात तर सारखेच मिळतात!"

"बस खाली," इब्राहिमभाई पुटपुटले.

"नाय बसत! पाचशे कुणाला देतोस? बोल!"

"किराणावाल्याला."

"कशाला?"

"दंडाचे. उसने घेतले होते त्याच्याकडनं."

"दंड तर माफ झाला होता! तू म्हणालास, मॅडमनी माफ करून घेतला!"

आगळाची बाटली! माझ्या डोळ्यांसमोर ती टेबलावरची आगळाची बाटली आली. इब्राहिमभाईंनी हळूच माझ्याकडे बघितलं, चूक कबूल करणाऱ्या माणसासारखं. "मॅडमनी सांगितला होता, दंड मालकाचा. बाकीच्यांचा एक फिल्स कापायचा नाय म्हणाल्या. मालक तर मीच होतो कागदावर. तुमाला सांगितला असता तर तुमी दिला असता. मग मॅडमनी फाइल परत केली असती."

मग जे झालं ते त्या खोलीने कधी बघितलं नसेल. सातच्या सात जण उभे राहून त्यांच्यावर तुटून पडले. "तुझ्या पोरीचा लगीन लांबला तो ह्याच्यासाठी?" "आमाला काय परका समजलास?" "स्वतःला शेठ समजतोस काय रे!" गणपतच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी येत होतं आणि शिव्या चालूच होत्या. सगळं कोकणीत. बाई हिंदी जाणत होत्या, पण हे त्यांच्या पलीकडचं होतं.

"काय चाललंय?" त्यांनी मला विचारलं. "हे मालकाला का ओरडतायत?"

मी म्हटलं, "मॅडम, ते विचारतायत की तू कमी पैसे का घेतलेस."

बाईंनी पेन खाली ठेवलं. मग एक-एक करून त्यांनी पावत्या उचलल्या, टोकं जुळवली आणि माझ्या हातात दिल्या. "फाइल मी उघडते," त्या म्हणाल्या. "लेखी ताकीद देईन, ती द्यावीच लागेल. साठ दिवसांत कागद नीट करा. नोकर असतील तर पगार ज्याचा त्याच्या खिशात राहिला पाहिजे. भागीदार असतील तर भागीदार म्हणून लिहा. मधलं काही नाही." आणि दारापर्यंत आल्यावर इब्राहिमभाईंना म्हणाल्या, "आजोबांना असा नाखुदा मिळायला हवा होता."

खाली उतरल्यावर रस्त्यातच हिशेब सुरू. किराणावाल्याचे तीन हजार अजून बाकी होते. ते सगळ्यांनी भरायचे आणि आधीचे सात हजारही वाटून घ्यायचे असं ठरलं. मी म्हटलं, नवाने भागा. तर गणपत माझ्यावरच डाफरला, "दंड आठातच, मॅडम! विश्रामला दंड कशाला?"

मग मी कामाला लागले, आणि बावीस वर्षांत कुठल्या कामाला एवढी मनापासून लागले नसेन. पगाराची ती माझी घडी, जी मी लोकांपुढे आपटायचे, ती मोडली. नवी कंपनी, नऊ भागीदार. विश्रामचं नाव घालण्यासाठी त्याचं मुखत्यारपत्र हवं होतं. मंडणगडचे वकील त्याच्या खाटेपर्यंत गेले, मग मुंबई, मग दिल्ली, मग इथलं मंत्रालय, एकेक शिक्का मिळवत तो कागद अजमानला पोचला. अठ्ठावन्नाव्या दिवशी आम्ही सगळे खालच्या टायपिंग सेंटरमध्ये उभे होतो.

टायपिस्ट एक मल्याळी मुलगी होती, वीस वर्षांचा अनुभव असल्यासारखी कीबोर्ड बडवायची. प्रत्येकाचा हिस्सा शेकड्यात लिहायचा होता. अकरा पूर्णांक अकरा, अकरा पूर्णांक अकरा, असं तिने नऊ वेळा टाइप केलं आणि कॉम्प्युटरने अर्ज परत केला. बेरीज नव्याण्णव पूर्णांक नव्याण्णव. शंभर पाहिजे.

"यल्ला, जल्दी," ती म्हणाली. "किसी एक को पॉइंट झीरो वन जादा दे दो. एलेव्हन पॉइंट वन टू."

मी म्हटलं, इब्राहिमभाईंना लिही, जुनं लायसन त्यांचंच होतं. ते एकदम मागे सरकले. "नाय नाय, माझ्या नावावर जास्त नको." मग गणपतला? "मला कशाला? मी काय केलाय?" तिसरा म्हणाला दुसऱ्याला द्या, दुसरा म्हणाला चौथ्याला. मागे रांग वाढत चालली. एका टक्क्याचा शंभरावा भाग! महिन्याच्या नफ्यात त्याचा जेमतेम एक चहा येईल. मी अशा कंपन्या बघितल्यात जिथे सख्खे भाऊ अर्ध्या टक्क्यासाठी कोर्टात गेले. आणि इथे दहा मिनिटं भांडण चाललं होतं, जास्तीचं कुणी घ्यायचं नाही यावर.

शेवटी गणपतने फोन काढला आणि गावी व्हिडिओ लावला. पडद्यावर उशीवर टेकलेलं विश्रामचं डोकं आलं. मी त्याला पहिल्यांदाच बघत होते. गणपतने त्याला सांगितलं, एवढं एवढं आहे, तुझ्या नावावर टाकतो.

"मला?" तिकडून आवाज आला. "अरे, मी तर कामाला पण येत नाय."

इब्राहिमभाई फोनजवळ वाकले. "तू कुठं भांडायला येणार हायस," ते म्हणाले. "तुझ्याच नावावर टाकतो." विश्राम हसला. सगळे हसले, ती मल्याळी मुलगीसुद्धा, तिला काय कळलं देव जाणे.

कॉम्प्युटरने शंभर मान्य केले. ते कागद मी लॅमिनेट करून दिले, एक प्रत माझ्याकडे ठेवली. ऑफिस आवरताना बावीस वर्षांच्या फाइली रद्दीत घातल्या, ती एक घरी आणली. मुलीने विचारलं, "व्हॉट्स सो स्पेशल, ममा?" मी तिला नऊ नावांचा रकाना दाखवला. त्या कंपनीचा सगळ्यात मोठा भागीदार मंडणगड तालुक्यात अंथरुणाला खिळून आहे.